पाटीला काळे फासले तेव्हाच आम्ही का जागे होतो?

गेल्या वर्षी एका सोमवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. वस्तीच्या तोंडाशी, मुख्य रस्त्याला लागून 'माता रमाई मार्ग' अशी निळी पाटी आहे. तिच्यावर रात्रीतून कोणीतरी काळा रंग ओतला होता. 'मार्ग' हा शब्द तसाच होता, 'माता रमाई' मात्र दिसत नव्हते. अर्ध्या तासात पन्नास-साठ पोरे जमली. कोणी म्हणाले रास्ता रोको, कोणी म्हणाले बाजारपेठ बंद. कोणीतरी जुना टायरही आणून ठेवला.

आम्हीही त्या गर्दीत होतो आणि आमचेही रक्त तापले होते. तापणार नाही तर काय? 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. 7 जुलै 2020 ला दादरच्या राजगृहावर तोडफोड झाली, झाडांच्या कुंड्यासुद्धा सोडल्या नाहीत. या समाजाला पुतळ्यावरचा, फोटोवरचा आणि नावावरचा हल्ला कळतो, कारण हा हल्ला दगडावर किंवा पत्र्यावर नसतो. तो आमच्या माणूस असण्यावर असतो, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एक आजी काठी टेकत आल्या. आम्हाला वाटले, आजी आता घोषणा देणार. त्या पाटीकडे बघत राहिल्या, मग आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, काळं फासलेलं आज दिसलं तुमाला. तुमच्याच फ्लेक्सनं ही पाटी झाकली व्हती, तवा माझ्या मालकाला न्यायला आलेली गाडी फिरत बसली. तवा कुनी रास्ता रोको केला न्हाई."

गर्दी गप्प झाली. आम्हीही गप्प झालो, कारण आजी खोटे बोलत नव्हत्या.

त्याच्या आदल्या वर्षीची ती गोष्ट आहे. जयंतीचा मोठा फ्लेक्स लावायला आमच्या मंडळाला दर्शनी जागा हवी होती. पाटीचा खांब आयता मिळाला. बाबासाहेबांचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे तीस-पस्तीस चेहरे, त्यात आमचेही. तार आवळून फ्लेक्स बांधला आणि मागे पाटी गेली. 14 एप्रिल झाली, एप्रिल संपला, मे संपला, फ्लेक्स तिथेच. त्या मे महिन्यात एका रात्री आजींच्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला. घरच्यांनी रुग्णवाहिकेला फोन करून 'माता रमाई मार्ग' असा पत्ता सांगितला. गाडी आली, पण चालक नवीन होता. तो अंधारात पाटी शोधत पुढे गेला, पुलापर्यंत गेला, वळला, पुन्हा पुढे गेला. शेवटी एक मुलगा मोबाईलचा दिवा हलवत रस्त्यावर धावला, तेव्हा गाडी आत आली. या सगळ्यात वीस मिनिटे गेली.

बाबा वाचले, उजवा हात मात्र परत आला नाही. त्याच हाताने या माणसाने तीस वर्षे याच शहराचे रस्ते झाडले होते. वीस मिनिटे वाचली असती तर हात वाचला असता का, हे आम्ही सांगू शकत नाही. ती वीस मिनिटे आमच्या फ्लेक्सची होती, एवढे मात्र आम्हाला सांगता येते. त्या फ्लेक्सवर आम्ही हसत होतो.

म्हणून आज हा लेख. काळे फासणाऱ्यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते लिहिलेच पाहिजे. पण पाटी मरते ती काय फक्त काळ्या रंगाने? गंजाने, फांदीने, फ्लेक्सने आणि आपल्या विसरण्यानेही ती मरते. काळ्या रंगाचा निषेध करताना उरलेल्या कारणांत आपला वाटा किती, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही.

त्या सकाळचे पुढचे सांगतो. आजींच्या बोलण्याने टायर बाजूला गेला, पण पोरांचा राग कुठेतरी निघायलाच हवा होता. दोघे पळत जाऊन रंगाच्या दुकानातून थिनर घेऊन आले आणि पाटी घासायला लागले. काळा रंग निघाला आणि त्याबरोबर अक्षरेही निघाली! या पाट्यांवर हल्ली रात्री गाडीचा दिवा पडला की चमकणारी शीट चिकटवलेली असते. थिनर, रॉकेल, टर्पेंटाइन असले काही लावले की शीट आणि छपाई दोन्ही खराब होतात. रंग फासणाऱ्याने नाव झाकले होते, आम्ही ते पुसूनच टाकले. शिवाय फोटोखेरीज पुरावा म्हणून जे काही होते, तेही आमच्याच हाताने गेले. कार्यकर्त्याला राग असावाच, पण रागाबरोबर माहितीही असावी, हा धडा तिथे मिळाला.

मग आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथे आम्हाला प्रश्न विचारला गेला, "पाटी कोणाची? ज्याची मालमत्ता, त्याला तक्रार द्यायला सांगा." आम्ही म्हणालो, महापालिकेची. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात गेलो, तर तिथे उत्तर मिळाले, "आमच्या यादीत अशी पाटीच नाही." आम्ही दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, ते एकोणतिसाव्या दिवशी आले. सदर नावाच्या रस्त्याची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. त्यांच्या कागदावर आमचा रस्ता म्हणजे नुसता 'बारा मीटर डी.पी. रोड' होता. आणि घरपट्टीच्या बिलावर वस्तीचे नाव काय होते? तेच, जे आमच्या आजोबांना गाव सोडून शहरात आल्यावर मागे टाकायचे होते. महारवाडा.

तेव्हा उलगडा झाला. ही पाटी पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून स्वतः उभी केली होती. पुढे एका नगरसेवकाने आपल्या निधीतून तिच्या जागी नवी चकाकती पाटी बसवली, स्वतःचे नाव खाली मोठ्या अक्षरात टाकले, उद्घाटनाचे फोटो काढले आणि सभागृहात ठराव मात्र कधी मांडलाच नाही. आमच्या आधीच्यांनी नाव कमावले, पण त्याची नोंद करून घ्यायची राहिली. नोंद नाही म्हणून मालक नाही आणि मालक नाही म्हणून गुन्हा नोंदवायला तक्रारदार नाही. ज्याने काळे फासले, त्याला हे माहीत असेल असे आम्हाला वाटत नाही. पण व्यवस्थेने त्याचे काम किती सोपे करून ठेवले होते पाहा.

मित्रहो, इथे महाड आठवल्याशिवाय राहत नाही. चवदार तळ्याचे आपण 20 मार्च 1927 एवढेच लक्षात ठेवतो. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद आपण वाचत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात 1923 साली झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क होता, प्रत्यक्षात नव्हता. बाबासाहेबांनी पाणी पिऊन तो प्रत्यक्षात आणला. मग काय झाले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरमध्ये सनातन्यांनी न्यायालयात दावा लावला. त्यांचे एक म्हणणे हेच होते की तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे. म्हणजे शेवटी प्रश्न तोच, तळे कोणाचे? आणि बाबासाहेबांनी काय केले? पाणी प्यायलो, विषय संपला, असे ते म्हणाले नाहीत. ते जवळजवळ दहा वर्षे तो खटला लढत राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला 17 मार्च 1937 रोजी. ओंजळीतले पाणी आणि न्यायालयातला कागद, दोन्ही त्यांनी सोडले नाही. आपण त्यांच्याकडून ओंजळ घेतली, कागद घ्यायचा विसरलो.

नामांतराचेही तसेच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 ला केला. त्यानंतर मराठवाड्यात घरे जळाली, माणसे मारली गेली, लाँग मार्च निघाला आणि 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाच्या नावाचा विस्तार झाला. प्रवेशद्वारावरच्या त्या अक्षरांसाठी साडेपंधरा वर्षे आणि कित्येकांचे प्राण लागले. ज्या समाजाने नावासाठी एवढी किंमत मोजली, त्याच समाजाच्या वस्तीतली पाटी गंजून पडावी आणि कोणाला पत्ताही नसावा, हे कसे चालेल?

कोणी म्हणेल, पाटीत काय आहे, लोक तोंडाने जुनेच नाव घेतात. खरे आहे. मुंबईत महात्मा जोतिबा फुले मंडईला आजही लोक क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. पण यावरून पाटी निरुपयोगी ठरत नाही, उलट तिची गरज जास्त आहे हे सिद्ध होते. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावे द्यावीत, असे त्यात सुचवले होते. निर्णय चांगला आहे. पण आमच्या घरपट्टीच्या बिलावर तो पोहोचला नव्हता. शासन निर्णय मंत्रालयातून निघतो आणि बिल छापणाऱ्या संगणकापर्यंत कोणीतरी तो ओढत न्यावा लागतो. तो 'कोणीतरी' आपल्याशिवाय दुसरा कोण असणार?

पाटीवरचा राग ही फक्त आपल्याकडची गोष्ट आहे असेही नाही. दलित पँथरने ज्यांच्यापासून प्रेरणा घेतली, त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा अनुभव पाहा. 1955 साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा गोऱ्यांनी खून केला. त्याचा मृतदेह जिथे नदीतून काढल्याचे मानले जाते, तिथे 2008 मध्ये एक माहितीफलक लावला गेला. तो चोरून नेला. दुसरा लावला, त्याची बंदुकीच्या गोळ्यांनी चाळण केली. तिसरा लावला, त्यावरही गोळ्या झाडल्या. 2019 मध्ये तिथे चौथा फलक उभा राहिला, बुलेटप्रूफ पोलादाचा, सुमारे 500 पौंड वजनाचा. प्रत्येक वेळी निषेध झालाच, पण निषेधाबरोबर पुढच्या फलकाची तयारीही झाली. फलक पाडणाऱ्यापेक्षा उभारणारा जास्त चिवट निघाला. ही चिकाटी आपण आपली म्हणायला हवी.

आता आमच्या रस्त्याचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही वस्तीत घरोघर फिरून जुने कागद गोळा केले. पोस्टाने आलेली पत्रे, रेशनकार्डे, शाळा सोडल्याचे दाखले, वीजबिले, लग्नपत्रिका. ज्या ज्या कागदावर 'माता रमाई मार्ग' लिहिले होते, त्याच्या प्रती काढल्या. एका घरातून तर मुलाच्या नोकरीच्या नेमणुकीचे वीस वर्षांपूर्वीचे पत्र निघाले, त्यावर हाच पत्ता. म्हणजे लोकांनी नाव केव्हाच स्वीकारले होते, मागे राहिले होते ते कार्यालय. प्रस्ताव दिला, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. दर महिन्याला जाऊन फाईल कोणत्या टेबलावर आहे हे विचारले. एकदा फाईल हरवली म्हणाले, तेव्हा आवक क्रमांक समोर ठेवला, फाईल सापडली. चौदा महिन्यांनी नावाला मंजुरी मिळाली. नवी पाटी आली तेव्हा तिच्या मागे पांढऱ्या रंगात एक क्रमांक लिहिलेला होता. तो क्रमांक पाहून आम्हाला पुढच्या बाजूच्या नावाइतकाच आनंद झाला. आता ही पाटी कोणाची, असे कोणी विचारू शकत नव्हते.

कायदा काय सांगतो, हेही कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे. रस्त्यांना नाव किंवा क्रमांक देणे हे महापालिकेचे कायद्याने ठरलेले कर्तव्य आहे, ती मेहेरबानी नाही. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्राचा 1995 चा कायदा आहे, सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीविरुद्ध केंद्राचा 1984 चा कायदा आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 ची दुरुस्ती झाली, ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. त्यात कलम 3(1) खाली, आपल्या समाजाला आदरणीय असलेल्या वस्तूची नासधूस करणे आणि आदरणीय दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हे स्वतंत्र गुन्हे झाले आहेत. पण कोणताही कायदा पुराव्यावर चालतो. रंग दिसताच आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, पाटीला हात लावू नका, पंचनामा होऊ द्या. आणि संविधानाचे कलम 51क विसरू नका. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करणे आणि हिंसाचारापासून दूर राहणे हे त्यात आपले मूलभूत कर्तव्य सांगितले आहे.

काळे कोणी फासले, हे शेवटपर्यंत कळले नाही. चौकातला कॅमेरा बंद होता. आमच्यातले काही जण आजही एका विशिष्ट गल्लीकडे बोट दाखवतात. आम्ही त्यांना थांबवतो. पुरावा नसताना माणसाची जात बघून आरोपी ठरवणे, हे तर आपल्याबरोबर शतकानुशतके झाले. तेच आपण करायचे का?

नवी पाटी लागल्यावर आम्ही एक वही घातली. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला पाच-सहा जण निघतात. बादली, साबणाचे पाणी, मऊ फडके, एक शिडी. पाटी पुसायची, खांब हलतो का, बुडाशी गंज आहे का, झाडाची फांदी आड येते का ते पाहायचे, फोटो काढायचा, वहीत नोंद करायची आणि जे आपल्या हातात नाही त्याची तक्रार द्यायची. पहिल्याच रविवारी आम्ही पायी फिरता येतील तेवढ्या सदतीस पाट्या पाहिल्या. अकरा पाट्यांवर कसले ना कसले फ्लेक्स होते, आणि त्यातले चार आमच्याच चळवळीतल्या मंडळांचे. ते आम्ही त्या मंडळांना फोन करून, त्यांच्याच हातून काढवले. दोघांशी भांडण झाले, एकाशी अजून अबोला आहे.

खरे भांडण मात्र आमच्या आतच झाले. सदतीस पाट्यांत काही नावे अशी होती की त्यांच्या विचारांशी आमचे उभे वैर आहे. एक तरुण कार्यकर्ता फडके खाली टाकून म्हणाला, "दादा, ही पाटी मी पुसणार नाही." त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही तिथेच फुटपाथवर बसून अर्धा तास बोललो. शेवटी आम्ही एवढे ठरवले की पाटी पुसणे म्हणजे त्या नावाला वंदन करणे नव्हे. त्या नावाशी आपण लेखातून, सभेतून, मतपेटीतून भांडू. पण त्या रस्त्यावरही कोणाची तरी आजी राहते, तिच्याकडेही रात्री गाडी येते. आणि दुसऱ्याच्या पाटीची घाण आपल्याला चालत असेल, तर आपल्या पाटीसाठी कायदा मागताना आपली जीभ अडखळेल. तो तरुण त्या दिवशी पुसायला आला नाही. पुढच्या महिन्यात शिडी धरायला आला. अजून तो फडके हातात घेत नाही. आम्ही आग्रह धरत नाही.

मित्रहो, तुमच्या वस्तीत आज संध्याकाळी एक चक्कर मारा. पाटी आहे का? अंधारात वाचता येते का? तिच्यावर कोणाचा वाढदिवस बांधलेला आहे का? ते नाव महापालिकेच्या यादीत आहे का, की नुसतेच आपल्या भाषणात आहे? घरपट्टीच्या बिलावर वस्तीचे नाव काय छापले आहे? दहा रुपयांत एक अर्ज होतो. येत्या जयंतीला फ्लेक्स जरूर लावा, पण पाटीचा खांब सोडून लावा आणि उतरवण्याची तारीख आधीच ठरवून, कोण उतरवणार त्याचे नाव वहीत लिहा.

आमच्या पाटीसमोरच्या ओट्यावर ते बाबा संध्याकाळी येऊन बसतात. परवा रविवारी आम्ही पाटी पुसत होतो, तर डावा हात वर करून म्हणाले, "खालचा कोपरा राहिला बघ." राहिला होता. आम्ही तो पुसला.

जय भीम! जय संविधान!